नाशवंत मालाची पत

कर्जप्रस्ताव हाती आला की आपली नजर प्रथम तारणाकडे वळते. जमीन, यंत्रसामग्री, शिल्लक माल यांचे मूल्य मांडता येते. रोज ठरल्या वेळी माल पोहोचेल या ग्राहकाच्या विश्वासाचे मूल्य मात्र कोणत्याच रकान्यात बसत नाही. अमेरिकेतील फ्लाइशमन कुटुंबाच्या यीस्ट-उद्योगाचा इतिहास वाचताना ही उणीव प्रकर्षाने जाणवते.

चार्ल्स फ्लाइशमन हे तत्कालीन ऑस्ट्रियन साम्राज्यातून १८६०च्या दशकात अमेरिकेत आले. तेथील पाव त्या काळी बहुधा दारूभट्टीच्या पातळ, बेभरवशाच्या किण्वावर फुगवीत. बंधू मॅक्सिमिलियन आणि मद्यउत्पादक जेम्स गॅफ यांच्या भागीदारीत १८६८ मध्ये सिनसिनाटी येथे यीस्टच्या घट्ट दाबलेल्या वड्यांचा उद्योग सुरू झाला. कसब स्थलांतरितांचे होते, भांडवल प्रामुख्याने स्थानिक भागीदाराचे.

परंतु यीस्ट हा सजीव पदार्थ. ताजी वडी थंडाव्यातही काही आठवडेच टिकते. असा माल गोदामात ठेवून त्यावर उचल देण्यास आजचा शाखाधिकारीही कचरेल, आणि त्यात त्याचे फारसे चुकणार नाही. शिवाय गिऱ्हाईकाला या वस्तूची ओळखही नव्हती. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात या मंडळींनी व्हिएन्ना पद्धतीची बेकरीच थाटली. लोकांनी कणीक फुगताना पाहिली, ताजा पाव कॉफीबरोबर खाल्ला, आणि मागणी वाढली. चार्ल्स यांचे बंधू लुई यांनी न्यूयॉर्कमध्ये व्हिएन्ना बेकरी चालविली. रात्री उरलेला पाव ते दारी रांगेत उभ्या राहणाऱ्या भुकेल्यांना वाटून टाकीत. ताजेपणाचा आग्रह धरणाऱ्यास शिळा माल विकणे परवडत नाही, हा त्यातील व्यवहार. तथापि तेवढ्यावरून त्या दातृत्वाला कमी लेखू नये.

या उद्योगाची खरी मालमत्ता, माझ्या मते, वड्या वेळेवर पोहोचविणारी वितरणव्यवस्था ही होती. १९२९ मध्ये ही कंपनी स्टँडर्ड ब्रँड्स या नव्या संस्थेत विलीन झाली, तेव्हा त्याच मार्गांवरून चेस अँड सॅनबॉर्नची कॉफीही ताजी ताजी दुकानांत जाऊ लागली. (१९२०च्या दशकात यीस्ट खाण्याने नाना व्याधी दूर होतात, अशा जाहिरातीही कंपनीने केल्या. ते अनुकरणीय नव्हे.)

आपल्याकडील अनेक कुटुंबप्रधान व्यवसाय बाहेरचा भागीदार घेण्यास बिचकतात. घराण्याचे नाव पुसले जाईल, ही भीती. येथे तर भागीदार प्रारंभापासूनच होता, आणि पुढे स्वतंत्र कंपनीही राहिली नाही. तरी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी विकसित झालेले कोरडे यीस्ट याच नावाखाली घरोघरी गेले. लुई यांचे पुत्र राउल यांच्या पैशावर १९२५ मध्ये ‘द न्यूयॉर्कर’ हे साप्ताहिक निघाले. मालकी अनेकदा बदलूनही वेष्टनावरील नाव आजही फ्लाइशमनच आहे.

गोव्यात पूर्वी पाव ताडीवर फुगवीत. आज बेकऱ्या बहुतांशी साखर कारखान्यांच्या मळीवर वाढविलेले यीस्ट वापरतात. दूध, फुले, पाव, इडलीचे पीठ हे सारे व्यवसाय नाशवंतच. त्यांच्या खेळत्या भांडवलाचा प्रस्ताव आला, तर ताळेबंदासोबत रोजच्या पोहोचेची वहीही मागवावी, आणि शक्य झाल्यास अधिकाऱ्याने पहाटेच्या फेरीला एकदा गाडीबरोबर जाऊन यावे.