घराचा विमा आणि बिल्डरची जबाबदारी

आयुष्यभराची कमाई ओतून कामगार घर घेतो आणि दुसऱ्याच पावसाळ्यात भिंती पाझरू लागतात. तक्रार केली की 'विमा काढला नाही का?' असे विचारून त्याची बोळवण होते. ही शुद्ध दिशाभूल आहे. विमा असतो तो आकस्मिक आपत्तीसाठी. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेली 'भारत गृह रक्षा' पॉलिसी आग, भूकंप, वादळ, पूर यांनी झालेली हानी भरून देते. तिचा हप्ता घरमालकच भरतो. निकृष्ट बांधकाम ही मात्र आपत्ती नव्हे, ती बिल्डरची कसूर होय. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४ नुसार, ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातील दोष निदर्शनास आणल्यास बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त केला पाहिजे. अन्यथा भरपाई द्यावी लागते. हा हक्क विकत घ्यावा लागत नाही. परंतु मुदतीत मागावा लागतो. म्हणून कार्यकर्त्यांनी रहिवाशांना संघटित करून दोषांची तारीखवार नोंद ठेवावी, लेखी तक्रार करवून घ्यावी आणि दाद न मिळाल्यास महारेराचे दार ठोठवावे. नफा बिल्डरचा आणि दुरुस्ती रहिवाशाच्या खिशातून, हा व्यवहार कायद्यालाही मान्य नाही.