आधी पंचनामा की आधी फावडं?

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठी आणि शिवनदी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरल्या. पाणी ओसरलं, चिखल मात्र राहिला. दुकानांच्या फळ्यांवर, फ्रीजमध्ये, लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या पुस्तकांत. एनडीआरएफने अडकलेली माणसं बाहेर काढली, ते काम त्यांनीच करावं. पण फावडी-घमेली घेऊन आलेली बाहेरगावची पोरं मला फार शहाणी वाटली, जुन्या कपड्यांची गाठोडी पाठवणाऱ्यांपेक्षा तर नक्कीच! सरकारी मदतीला पंचनामा लागतो, म्हणजे चिखल आधी दाखवायचा, मग उपसायचा. नदीतला गाळ काढावा म्हणून तर चिपळूण बचाव समितीला उपोषणाला बसावं लागलं. मग कुठे सरकारी यंत्रणा हलली आणि तिच्या जोडीला नाम फाउंडेशनही पात्रात उतरलं.