ऐकाव्या अशा काही तबकड्या

आजची मुले गाणी फार ऐकतात, अशी तक्रार पालकसभेत हटकून निघते. माझे म्हणणे ह्याच्या नेमके उलट आहे. आजची मुले गाणी फार थोडी ऐकतात. दिवसभरात त्यांच्या कानांवरून शंभर चाली जातात हे खरे. पण त्यांतील क्वचितच एखादी संपूर्ण ऐकली जाते. फोनवर अर्ध्या मिनिटाचा तुकडा वाजतो, अंगठा सरकतो, की लगेच दुसरा तुकडा. वरातीतील डीजेपुढे तर ऐकणे संभवतच नाही. तेथे गाणे छातीवर आदळते, कानांत शिरत नाही. म्हणून औराद-चिंताकीकडील आपल्या मुलामुलींनी अधूनमधून एखादी तबकडी आरंभापासून अखेरपर्यंत बसून ऐकावी, आणि तीही शक्यतो चित्रपटाबाहेरची असावी, असे मला सुचवावयाचे आहे.

तबकडी हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. जुनी लाखेची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई, आणि तिच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावे. रचना मोठी असली तर चार-सहा तबकड्या घ्याव्या लागत, व त्या ठेवण्यासाठी फोटोंच्या आल्बमसारखे जाड पुठ्ठ्याचे पुस्तक मिळे. गाण्यांच्या संचाला ‘आल्बम’ हे नाव पडले ते तेथून. १९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने दीर्घ काळ वाजणारी तबकडी आणली आणि एकेका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. मग गायकांना विचार करावा लागला, की आरंभी कोणते गीत ठेवावे, त्यामागून कोणते, बाजू उलटण्यापूर्वी श्रोत्याला कोठे आणून सोडावे. आज तबकडी गेली, कॅसेटही गेली; फोनवर सारे मिळते. परंतु गाणाऱ्याने लावलेला तो क्रम अजून शाबूत आहे. तो मोडून मधलेच एक गाणे उचलणे म्हणजे कादंबरीचे सातवे प्रकरण तेवढे वाचण्यासारखे आहे.

चित्रपटातील गीत हलके असते, असा माझा आक्षेप नाही. पण ते दुसऱ्या कोणाच्या कथेसाठी जन्मलेले असते. स्वतंत्र संचाला असा टेकू नसतो. आपल्याला काय म्हणावयाचे आहे, हे गाणाऱ्याला स्वतःच ठरवावे लागते. आपल्या भाषेत ह्याचे मोठे उदाहरण ‘गीतरामायण’ हेच होय. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, पुणे आकाशवाणीवर ते सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांनी दर आठवड्यास एक गीत लिहावे, सुधीर फडक्यांनी चाल बांधावी, असा वर्षभराचा नेम. त्या वर्षी अधिक मास आला आणि गीतांची संख्या ५६ झाली. १९५६ च्या एप्रिलमध्ये ते संपले. त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला जुना बीदर जिल्हा विभागला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले आणि आपले औराद म्हैसूर राज्यात आले. गीतरामायणाचे पुढे कन्नडातही भाषांतर झाले. ज्या घरांत ते केवळ रामनवमीला एक-दोन गीतांपुरते लावतात, त्यांनी एकदा ते ओळीने ऐकून पाहावे. प्रत्येक पात्राची चाल निराळी आहे, आणि कथा कोठे थांबते, कोठे धावते, हे क्रमाने ऐकल्यावाचून उमगत नाही.

आपल्या मुलांना आणखी एक प्रश्न कोणी ना कोणी विचारतोच : तुम्ही इकडचे की तिकडचे? ह्या प्रश्नावर वाद घालण्यापेक्षा कुमार गंधर्वांच्या निर्गुण भजनांची तबकडी लावावी. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ हे त्यांचे मूळ नाव. जन्म १९२४ चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा, घर कन्नड, शिक्षण मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे. ऐन तारुण्यात क्षयरोग झाला आणि ते माळव्यात देवासला राहावयास गेले. पुढील पाच-सहा वर्षे गाणे बंद होते. अंथरुणावर पडल्या पडल्या दारावरून जाणाऱ्यांची लोकगीते, जोग्यांची भजने ते ऐकत राहिले. बरे झाल्यावर त्यांनी जे कबीर गाइले, त्यांत ते ऐकणे मुरलेले आहे. शास्त्र शिकलेला एवढा मोठा गवई दारोदार हिंडणाऱ्या जोग्याकडून घेतो, ह्यात त्याला कमीपणा वाटला नाही. आवाज एकाएकी वर फेकणे आणि मग लांब, रिकामी शांतता ठेवणे, ही त्यांची रीत प्रथम विचित्र वाटेल. दोनदा ऐकावे.

जोग्याच्या एकतारीवरून मी एकदम विलायतेच्या गिटारीकडे वळतो, ह्याचे कित्येक वडीलधाऱ्यांना नवल वाटेल. पण दोहोंचे नाते मला जवळचे वाटते. १९७५ नंतर न्यूयॉर्क व लंडन येथे ‘पंक’ नावाचे संगीत पुढे आले. त्याचे म्हणणे एवढेच, की वाद्य उत्तम येत नसले तरी चालेल, सांगावयाचे असेल तर उभे राहा आणि सांगा. न्यूयॉर्कच्या रामोन्स ह्या चौकडीची पहिली तबकडी १९७६ ची : १४ गाणी, आणि सगळी मिळून अवघी २९ मिनिटे! हे चौघे भाऊ नव्हेत. तरी सर्वांनी आडनाव एकच घेतले. तिच्यातील काही शब्द शाळकरी वयाला शोभणारे नाहीत, म्हणून तिची शिफारस मी येथे करीत नाही. १९७७ च्या आरंभी मँचेस्टरच्या बझकॉक्स ह्या तरुणांनी तर सुमारे ५०० पौंड उसने घेऊन चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली. मोठ्या कंपनीच्या आश्रयावाचून निघणाऱ्या संगीताला ‘इंडी’ म्हणतात. इंडिपेंडंट ह्या शब्दाचे ते लाडके रूप. पहिल्या हजार प्रती संपल्या आणि पुन्हा छापाव्या लागल्या.

मुलींनी मात्र एक तबकडी अवश्य ऐकावी : एक्स-रे स्पेक्स ह्या संचाची ‘जर्मफ्री अडोलेसंट्स’, सन १९७८. तिची गायिका व गीतकार एकवीस वर्षांची होती. वडील सोमाली होते. तिने स्वतःस पॉली स्टायरीन हे नाव घेतले होते. पॉलिस्टायरीन म्हणजे ज्याचे थर्माकोल बनते तो पदार्थ. कालपरवापर्यंत गणपतीची मखरे आपण त्याचीच करीत होतो. बाजारातील वस्तूंनी माणसाचे रूप ठरवावे, गोरेपणाच्या व चकचकीतपणाच्या जाहिरातींनी मुलींना आपलाच चेहरा नकोसा करावा, ह्यावर ती ओरडून, पण हसत हसत गाते. दातांना तार बांधलेली ही मुलगी सुंदर दिसण्याचा आव न आणता रंगमंचावर उभी राहिली, हेच मला मोठे वाटते. द क्लॅश ह्यांची ‘लंडन कॉलिंग’ ही १९७९ ची जोडतबकडीही घ्यावी. दोन तबकड्या एका तबकडीच्या किमतीत विकाव्यात, असा त्यांचा आग्रह होता, आणि तो त्यांनी तडीस नेला.

हा गोंगाट आपल्या संस्कारात बसत नाही, असे कोणी म्हणेल. त्यांना मी वामनदादा कर्डकांची आठवण देतो. १९२२ ते २००४ एवढे आयुष्य लाभलेल्या ह्या माणसाने अक्षरे मोठेपणी गिरवली आणि गावोगावी आपली गीते गाऊन आंबेडकरांचा विचार पोहोचविला. विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे ह्यांच्या आवाजांतील भीमगीतांच्या कॅसेटी ज्या वस्त्यांत वाजल्या, तेथे कोणी तंबोरा लावून बसले नव्हते. ढोलकी, पेटी आणि सांगण्याची निकड, एवढे पुरे झाले. पंक म्हणजे काय, हे त्या वस्त्यांना निराळे शिकवावे लागणार नाही.

पॉपविषयी थोडक्यात. बीटल्सची १९६७ ची ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’ ऐकावी. तिच्या वेष्टनावर सर्व गीते छापलेली होती. इंग्रजीचा अभ्यास म्हणूनही ती उपयोगी पडेल. दुसरी बाजू ज्या गीताने उघडते, त्यात दिलरुबा व तबला आहे.

आता कन्नड. आपण शाळेत ती भाषा परीक्षेपुरती शिकतो, आणि तेथेच तिची गोडी संपवून टाकतो, हे मला खचित दुःखद वाटते. ‘नित्योत्सव’ हा १९७८ चा संच घरी आणाच. कविता के. एस. निसार अहमद ह्यांच्या, चाली म्हैसूर अनंतस्वामींच्या. कन्नड भावगीतांचा कॅसेटवर निघालेला हा पहिला संच मानतात. निसार अहमद भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक होते. आपल्या भावगीतांच्या कानाला ह्या चाली परक्या वाटणारच नाहीत. शब्द अडले तर वर्गातील कन्नड घरचा मित्र आहेच. त्यानंतर बंगळूरच्या स्वरात्मा ह्या संचाची २००९ ची पहिली तबकडी घ्यावी. कन्नड आणि हिंदी तीत शेजारी नांदतात, जशा आपल्या आठवडी बाजारात.

नव्या मराठीत संदीप खरे व सलील कुलकर्णी ह्यांचे २००३ पासूनचे ‘आयुष्यावर बोलू काही’ सर्वांस ठाऊक आहे. मला ते क्वचित जरा अधिक गोड वाटते, तरी शब्द स्वच्छ ऐकू येतात. मुंबईच्या ‘स्वदेशी’ ह्या तरुणांचा २०२० चा ‘चेतावनी’ हा रॅपचा संच मात्र अगदी निराळा, करकरीत आहे. मोठ्या मुलांनी तो आधी पालकांबरोबर ऐकावा.

राहिला प्रश्न सोयीचा. पुष्कळ घरांत फोन एकच असतो, आणि तो वडिलांबरोबर शेतावर किंवा कामावर जातो. म्हणून मी मुख्याध्यापकांस अशी विनंती करतो, की १५ ऑगस्टला व २६ जानेवारीला बाहेर निघणारा शाळेचा ध्वनिक्षेपक महिन्यातून एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, एका वर्गात आणावा. तासाभराची बैठक असावी. आवाज बेताचा ठेवावा; गीतांचा अर्थ आधी फळ्यावर लिहावा; मध्येच गाणे बदलण्याची मागणी कोणी करू नये. पहिल्या शनिवारी ‘नित्योत्सव’ लावावा आणि त्याचा अर्थ सांगण्याचे काम कन्नडच्या शिक्षकांकडे द्यावे. दुसऱ्या शनिवारी कुमार गंधर्व. तिसऱ्या शनिवारी पॉली स्टायरीनची पाळी येईल. त्या दिवशी मात्र खिडक्या लावून घ्याव्यात, कारण शेजारचे लोक विचारावयास येतील.