रंग गेला, पण विष गेले का?

उन्हात कपड्याचा रंग विटतो हे आपण सगळेच जाणतो. पण उन्हाच्याच बळावर सांडपाण्यातली रसायने मोडून टाकायची, ही कल्पना वाचली आणि मी हरखूनच गेलो.

१९७२ साली अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की टायटॅनियम डायॉक्साइडवर अतिनील प्रकाश पाडला तर पाण्याचे विघटन होते. हा पदार्थ काही परका नाही. भिंतीला देतो त्या पांढऱ्या रंगात तोच असतो. प्रकाश पडला की त्याच्या पृष्ठभागावर अतिशय क्रियाशील हायड्रॉक्सिल कण तयार होतात आणि ते रंग, औषधे, कीटकनाशके यांचे रेणू तोडत जातात. पूड जितकी बारीक तितका पृष्ठभाग जास्त. खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर लवकर विरघळते, तसेच हे. म्हणून ती नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात मोजण्याइतकी बारीक करतात.

आता माझी शंका. प्रयोगशाळेत बहुधा मिथिलीन ब्लू हा निळा रंग घेतात. निळे पाणी पांढरे झाले की प्रयोग यशस्वी! पण रंग गेला म्हणजे रेणू पुरता मोडला असे नव्हे. त्याचे अर्धवट तुकडे पाण्यात राहू शकतात, आणि काही वेळा ते मूळ पदार्थापेक्षाही घातक असतात. पाण्यात एकूण सेंद्रिय कार्बन किती उरला, हे मोजल्याशिवाय पास करू नये. नुसते उत्तर बरोबर आले म्हणून आम्ही गणिताला पूर्ण गुण कधी दिले नाहीत, रीतही पाहिली.

शिवाय चंचुपात्रातले पाणी वेगळे आणि रंगाच्या कारखान्याचे सांडपाणी वेगळे. त्या गढूळ, खारट पाण्यात प्रकाश खोल शिरतच नाही. सूर्यप्रकाशात अतिनील किरण जेमतेम ५ टक्के. आणि ती बारीक पूड पाण्यातून परत कशी काढायची? काढली नाही तर एक घाण घालवून दुसरी सोडल्यासारखेच. काचेवर किंवा जाळीवर ती पक्की बसवण्याचे प्रयत्न चालू आहेत, पण मग पृष्ठभाग कमी पडतो.

संशोधन थांबवा असे मी मुळीच म्हणत नाही. ते व्हायलाच हवे. पण ‘पुढे पूड टाकून स्वच्छ करू’ या भरवशावर आज इचलकरंजीत काय किंवा सोलापुरात काय, रंगाचे पाणी तसेच सोडायला कोणी मोकळे होऊ नये. सांडलेले पुसण्यापेक्षा न सांडणे केव्हाही स्वस्त, हे सांगायला नॅनोमीटर लागत नाही.

असो.