विहाराचे कुलूप आणि शिकागोचे एक घर

गेल्या महिन्यातील गोष्ट. रविवारची वंदना आटोपली, सरणत्तय झाले, उपासक-उपासिका आपापल्या घरी निघाले. एक तरुण भगिनी मात्र दाराशीच थांबली. कडेवर दीड-दोन वर्षांचा मुलगा. जालन्याकडून नवऱ्याबरोबर आलेली, वस्तीत येऊन जेमतेम दोन महिने झालेले. नवरा नाक्यावर उभा राहून बिगारीचे काम मिळवतो, हिला तीन घरची धुणीभांडी मिळालेली. ती म्हणाली, "दादा, विहार रोज बंदच राहतंय. दहा ते दोन माझं लेकरू इथं बसवलं तर चालंल का? कुणी आजी बसली त्याच्यापाशी, तर मी पैसे देईन."

कमिटीत चर्चा झाली. लहान मूल घाण करील, पावित्र्य राहणार नाही. आज एक येईल, उद्या दहा येतील. पोर पडले, लागले तर जबाबदारी कोणाची? यातला एकही मुद्दा खोटा नव्हता. 'पुढच्या मीटिंगमध्ये बघू' असे ठरले आणि विहाराला कुलूप लागले. कमिटीचे हिशेब आम्ही लिहितो, त्यामुळे चावीही आमच्याकडेच असते. त्या दिवशी आम्हीही गप्प बसलो, हे वाचकांपासून लपवण्यात अर्थ नाही.

घरी आल्यावर अमेरिकेतल्या एका घराची आठवण झाली. त्याची हकीकत थेट बाबासाहेबांच्या गुरूपर्यंत येऊन पोहोचते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

साल १८८९. शिकागो शहर कारखान्यांनी गजबजलेले. इटली, जर्मनी, पोलंड, रशिया, बोहेमिया अशा देशांतून पोटासाठी लोक तेथे येऊन पडत होते. भाषा येत नाही, कायदा माहीत नाही, एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबे. अशा वस्तीत हॅल्स्टेड स्ट्रीटवर जेन ॲडम्स आणि एलेन गेट्स स्टार या दोन मैत्रिणींनी एका जुन्या वाड्यात बिऱ्हाड थाटले. वाडा हल नावाच्या गृहस्थाचा होता, म्हणून त्याचे नाव पडले हल हाऊस. जेन ॲडम्स चांगल्या सुखवस्तू घरातल्या. पण बंगल्यात राहून देणग्या पाठवण्याऐवजी त्या गरिबांच्या शेजारी राहायला गेल्या.

आधी त्यांना वाटले होते, शेजारणींना चार चांगली पुस्तके वाचून दाखवू, चित्रे दाखवू. शेजारणींनी मागितले ते वेगळेच. कोणी म्हणे बाळंतिणीजवळ बसा, कोणी म्हणे आजाऱ्याला बघा, कोणी म्हणे आम्ही कामाला जातो, तोवर पोरे सांभाळा. या वस्तीत त्यांना पहिली तीन अपंग मुले दिसली, त्यांची कथा ॲडम्सबाईंनी १९१० साली आलेल्या आत्मकथनात लिहून ठेवली आहे. तिघांनाही इजा झाली ती आई कामावर असताना. एक मूल वरच्या मजल्याच्या खिडकीतून पडले. दुसरे भाजले. तिसऱ्याच्या पाठीचा कणा वाकला, कारण तीन वर्षे त्याला दिवसभर स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या पायाला बांधून ठेवत. दुपारी जवळच्या कारखान्यातून थोरला भाऊ धावत येई, त्याला सोडी आणि आपल्या डब्यातले दोन घास भरवी. त्या आया निर्दय नव्हत्या. पोर बांधून ठेवले नाही तर मजुरी बुडते, आणि मजुरी बुडाली तर पोर उपाशी राहते, एवढाच त्यांचा हिशेब होता.

म्हणून हल हाऊसमध्ये बालवाडी निघाली, पाळणाघर निघाले. मग एकातून एक काम वाढत गेले. नवागतांसाठी संध्याकाळी इंग्रजीचे वर्ग. तरुणांसाठी व्यायामशाळा आणि मैदान. कारखान्यातल्या मुली संपावर गेल्या की खोलीभाडे थकण्याच्या भीतीने माघार घेत. त्यांच्यासाठी राहण्या-जेवणाचा क्लब निघाला. पहिल्या महिन्याचे भाडे आणि सामान हल हाऊसने दिले, पुढचा सारा कारभार मुलींनी वर्गणी काढून स्वतः चालवला. १९०८ साली नव्याने आलेल्यांच्या संरक्षणासाठी एक वेगळी संघटना उभी राहिली. हल हाऊसमध्येच राहणाऱ्या ग्रेस ॲबट यांनी तिचे काम पाहिले. परमुलुखातून एकट्या मुली रेल्वेने उतरत, हातात चुकीचा पत्ता, भोवती लुबाडायला टपलेले गाडीवाले आणि दलाल. त्यांना सुखरूप मुक्कामी पोहोचवणे हे या संघटनेचे काम. दादर, कुर्ल्याला गाडीतून प्रथमच उतरलेल्या माणसाला याचे मोल सांगावे लागणार नाही.

म्हाताऱ्या माणसांची गोष्ट तर फार बोलकी आहे. पोरे इंग्रजी शाळेत जायला लागली की त्यांना गावठी आईबापांची लाज वाटू लागे. ॲडम्सबाईंनी १९०० साली जुन्या हातकामांचे एक संग्रहालय काढले. इटलीच्या, सीरियाच्या म्हाताऱ्या तेथे आपल्या पद्धतीने सूत कातून दाखवीत आणि शिकलेसवरलेले लोक ते पाहायला येत. आईबरोबर एका दारातून आत यायला लाजणारी एक इटालियन मुलगी, आईचे कौतुक ऐकून तिच्याच बरोबर येऊ लागली. आपल्याही घरात शहाबाद फरशीवर बसून गोधडी शिवणारी आजी असते. नातवाचे मित्र आले की तिला आत जायला सांगतात. विचार करावा.

हे काम चार भिंतींत थांबले नाही. वस्तीतला कचरा उचलला जाईना, म्हणून १८९५ साली ॲडम्सबाईंनी कचरा-निरीक्षकाची नेमणूक घेतली आणि भल्या पहाटे गाड्यांमागे त्या स्वतः फिरल्या. फ्लोरेन्स केली ही नवऱ्याच्या जाचातून सुटून तीन मुलांना घेऊन आलेली बाई. तिला हल हाऊसने आसरा दिला. तिनेच कारखान्यांची पाहणी करून १८९३ चा कायदा घडवून आणला. १४ वर्षांखालील मुलांना कारखान्यात बंदी आणि स्त्रियांना आठ तासांचा दिवस. मालक कोर्टात गेले आणि १८९५ साली आठ तासांचे कलम रद्द झाले, पण लढाई पुढे चालू राहिली. मजूरमंत्री म्हणून १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब कामाचे तास कमी करण्यासाठी झगडले, त्याआधी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बाळंतपणाच्या सवलतीच्या बिलाच्या बाजूने बोलले, ती याच जातीची लढाई.

आणि आता तो धागा. शिकागोत असताना प्रोफेसर जॉन ड्युई हल हाऊसमध्ये नेमाने येत, तिच्या विश्वस्त मंडळावरही ते होते. १९०४ साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे १९१३ साली आपले भीमराव आले आणि ड्युईंच्या वर्गात बसले. आपण ड्युईंचे किती ऋणी आहोत हे बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये नमूद केले आहे. लोकशाही म्हणजे एकमेकांत मिसळून जगणे, हा ड्युईंचा विचार. तो प्रत्यक्षात उतरताना त्यांनी पाहिला, त्यात हॅल्स्टेड स्ट्रीटचे ते घरही होते.

दुसरा धागा तर आपल्या मुंबईतलाच. शिकागो विद्यापीठात शिकलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट १९२० च्या दशकात मुंबईत आले. नागपाड्याच्या कामगार वस्तीत त्यांनी असेच शेजारघर चालवले, नागपाडा नेबरहूड हाऊस. त्याच जागेत १९३६ साली समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. आज देवनारला आहे ती टाटा समाजविज्ञान संस्था हीच.

पण वाचकहो, हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हल हाऊसचे बरेचसे बांधकाम १९६० च्या दशकात विद्यापीठासाठी पाडले गेले, मूळ वाडा संग्रहालय म्हणून उरला. संस्थेचे काम शहरात इतरत्र चालू राहिले, पण जानेवारी २०१२ मध्ये तीही बंद पडली. बहुतांश पैसा सरकारी अनुदानाचा होता. तो आटला, कर्ज वाढले, आणि १२२ वर्षांच्या संस्थेला टाळे लागले. मुलींचा तो क्लब मात्र स्वतःच्या वर्गणीवर चालला होता. जमाखर्च लिहिणाऱ्या आमच्यासारख्याला यातून एकच कळते. बाहेरचा पैसा जरूर घ्यावा, पण संस्थेचा पाया आपल्या माणसांच्या वर्गणीवर आणि वेळेवर असावा.

आता पुन्हा आपल्या विहाराकडे. ती भगिनी पोराला कामावर घेऊन जाऊ लागली. एका मालकिणीने आठ दिवसांत तिला काम सोडायला सांगितले. तीनची दोन घरे राहिली. हे ऐकल्यावर पावित्र्याचा मुद्दा आमच्या मनात टिकेना. तथागतांनी आजारी भिक्खूला आपल्या हातांनी स्वच्छ केले होते. त्यांच्या मूर्तीसमोर एका लेकराने फरशी ओली केली तर काय बिघडणार आहे? फडके आहे, पाणी आहे.

येत्या रविवारच्या मीटिंगसाठी आम्ही हिशेब मांडला आहे. महिला मंडळाच्या चार आजींनी आळीपाळीने, दोघी-दोघींनी बसायची तयारी दाखवली आहे. दर घरी महिना २० रुपये. वस्तीतली ६० घरे तयार झाली तर १,२०० रुपये होतात. त्यात दोन चटया, दूध, साबण आणि आजींचा चहा भागतो. जमाखर्च दर महिन्याला फळ्यावर लागेल. दहावी-बारावीची मुले संध्याकाळी नव्या आलेल्यांचे रेशनकार्ड, शाळाप्रवेश, बँकेचे फॉर्म भरून देतील. कोणाकडे हात पसरावा लागणार नाही.

ठराव नामंजूर झाला तर तसे याच जागी कळवू. मंजूर झाला तर सोमवारी सकाळी दहाला विहार उघडायला आम्ही स्वतः जाऊ, ऑफिसला अर्धा दिवस रजा टाकून. तुमच्याही वस्तीत असे एखादे कुलूप असेल. त्याची चावी कोणाच्या खिशात आहे, हे एकदा विचारून पाहा.

जय भीम.