माहुलीवर गर्दी डोंबिवलीची, पायथ्याच्या गावाला काय मिळतं?

शहापूर : पाऊस लागला की रविवारी सकाळच्या कसारा लोकलमधून पाठीला सॅक लावलेली पोरं आसनगावला उतरतात. बहुतेक ठाणे, कल्याण-डोंबिवलीची. रिक्षा करून माहुली गाव गाठायचं, गड चढायचा, रील काढायची आणि संध्याकाळी घर. या गडावर एक अख्खी शाही संपली, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असतं? आणि खरं सांगायचं तर आपल्यापैकी तरी किती जणांना?

माहुली हा सरहद्दीचा गड. एका अंगाला थळ घाटाने नाशिककडे जाणारी वाट, पश्चिमेला वसईचे पोर्तुगीज, दक्षिणेला कल्याण-भिवंडीची पेठ. १६३६ मध्ये शहाजीराजे बाल निजामशहाला घेऊन इथं आले. पोर्तुगीजांकडे आसरा मागितला, मिळाला नाही. मोगल आणि आदिलशाही फौजांपुढे गड द्यावा लागला आणि निजामशाही बुडाली. पुढे शिवाजी महाराजांनी गड घेतला, पण १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात दिलेल्या २३ किल्ल्यांत तो गेला. १६७० च्या फेब्रुवारीत परत घ्यायचा प्रयत्न फसला. जूनमध्ये मोरोपंतांनी घेतलाच.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. ११ महाराष्ट्रातले, एक तामिळनाडूतला जिंजी. ठाणे जिल्ह्यातला एकही नाही, म्हणून आपल्याकडे हळहळ झाली. आमचं मत जरा वेगळं आहे. यादीत नाव आलं की गाड्या वाढतात, गावाची कमाई वाढेलच असं नाही. आज यादीशिवायच गर्दी आहे. पाणी, डबा शहरातून येतो, रिकाम्या बाटल्या मात्र इथंच राहतात.

धोकाही आहेच. अडीच-तीन तासांची चढण, वर लोखंडी शिडी, पावसात धुकं. वाट चुकली की शोधायला आधी निघतात ती पायथ्याचीच माणसं. ठाकूर, कातकरी पोरांना हे रान तोंडपाठ. पण हे काम फुकटात, ओळखीपाळखीवर चालतं. त्यात पावसाळ्यात धबधब्यांवर मनाई हुकूम निघतात. मग भाकरी-पिठलं विकणारी बाई घरी बसते आणि हौशी पोरं आडवाटेनं वर जातातच.

बंदीपेक्षा नेम बरा. पावसाळ्यात गावचा वाटाड्या घेतल्याशिवाय गड नाही, वाटाड्याचा दर ठरलेला, दुपारनंतर चढाई बंद. रान तानसा अभयारण्याचं, म्हणजे वनखात्याला सोबत घ्यावंच लागेल. पण शहापूर तालुका पेसा क्षेत्रात आहे, ग्रामसभेच्या ठरावाला वजन आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय घ्यायचा असेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे तो आधीच लेखी द्या. ऐनवेळी उठून बोललात तर तो इतिवृत्तात येईलच असं नाही.