फोन कुणाकडे जातो?



हेल्पलाइनचे नंबर आता एस.टी. स्टँडवर, पोलीस ठाण्याच्या भिंतीवर, कॉलेजच्या फलकावर सगळीकडे दिसतात. महिलांसाठी १८१, कोणत्याही आणीबाणीला ११२, मुलांसाठी १०९८. आपल्या शिबिरांमधून आपणही ते बायकांकडून पाठ करून घेतो. पण नंबर लावल्यावर फोन नेमका कुणाकडे जातो आणि हे ठरवतं कोण, हे आपण क्वचितच विचारतो. हा प्रश्न तंत्रज्ञांवर सोडून चालणार नाही, असं मला वाटतं. म्हणून यावेळी त्याबद्दल.

फोन जोडून देण्याचं काम फार पूर्वीच बायकांकडे आलं. १८७८ साली अमेरिकेत बोस्टनला एमा नट ही पहिली महिला ऑपरेटर कामावर रुजू झाली. त्याच देशात आल्मन स्ट्रॉजर नावाचा एक गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा धंदा करी. ऑपरेटर बाई आपली गिऱ्हाइकं दुसऱ्या धंदेवाल्याकडे वळवते, असा त्याला संशय होता, असं सांगितलं जातं. १८९१ मध्ये त्याने ऑपरेटरशिवाय फोन जोडणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. फोन कुठे वळवायचा हे ठरवणाऱ्याच्या हातात सत्ता असते, हे त्या व्यापाऱ्याला बरोबर कळलं होतं.

आज ही सत्ता संगणकाच्या नियमांत आहे. मोठ्या कॉल सेंटरमध्ये आधी रेकॉर्ड केलेला आवाज भाषा विचारतो, बटण दाबायला सांगतो. मग फोन रांगेत लागतो. साधा नियम असा, की रांगेत सर्वांत आधी आलेला फोन सर्वांत जास्त वेळ मोकळ्या बसलेल्या कर्मचाऱ्याकडे जातो. त्यापुढचा नियम कौशल्याचा. कुणाला कोणती भाषा येते, कोणता विषय येतो याची नोंद असते आणि संगणक त्याप्रमाणे जोडी लावतो. काही फोन तातडीचे म्हणून रांग मोडून पुढे घेतले जातात. किती फोन येतील तर किती माणसं बसवावी लागतील, याच्या गणिताचा पाया कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग या गणितज्ञाने १९०९ पासून घातला. व्यापारी कॉल सेंटरमध्ये शंभरातले ऐंशी फोन वीस सेकंदांत उचलायचे, असं एक रूढ उद्दिष्ट असतं. फोनवर सरासरी किती मिनिटं गेली, हेही मोजलं जातं.

विमानाच्या तिकिटासाठी हे ठीक आहे. कुणीही फोन उचलला तरी तिकीट तेच मिळतं. मार खाणाऱ्या बाईचं तसं नसतं. माझ्याकडे समुपदेशनाला आलेली एक बाई म्हणाली, “ताई, तीनदा फोन केला. तिन्ही वेळा वेगळी बाई, तिन्ही वेळा पहिल्यापासून सांगितलं. चौथ्यांदा लाजच वाटली.” तिथे कुणीही कामचुकारपणा केला नव्हता. ‘जो मोकळा त्याला फोन’ हा नियम चोख पाळला गेला होता.

तुटलेल्या फोनचं बघा. बँकेचा फोन तुटला तर उलट फोन येणं ही चांगली सेवा. पण घरात एकच फोन असेल आणि तो नवरा उचलणार असेल, तर तोच उलट फोन बाईच्या अंगावर येतो. भाषेचं बघा. यादीत मराठी, हिंदी, इंग्रजी असेल, तर कोरकू किंवा भिली बोलणाऱ्या बाईने कोणतं बटण दाबायचं? आणि फोन उचलणारीचाही विचार करा. रडणाऱ्या बाईपाशी चाळीस मिनिटं थांबलेली कर्मचारी सरासरीच्या तक्त्यात मागे दिसते, दोन मिनिटांत दुसरा नंबर देऊन मोकळी झालेली पुढे. त्या खुर्चीवर बसलेलीही बहुधा आपल्यासारखीच नोकरी सांभाळणारी बाई असते.

मी यंत्राच्या विरोधात नाही. एक फोन आणि एक रजिस्टर असलेल्या संस्थेत रात्री दोन वाजता कुणी नसतं. ११२ ला लावलेला फोन राज्याच्या केंद्रात घेतला जातो आणि तिथून जिल्ह्याच्या पोलिसांपर्यंत, गस्तीच्या गाडीपर्यंत पोचवला जातो. हे मोलाचं आहे. पण १०९८ ची वाटचाल लक्षात ठेवू या. १९९६ साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या क्षेत्रीय प्रकल्पातून ती सुरू झाली, स्वयंसेवी संस्थांनी वाढवली आणि २०२३ पासून ती सरकारी नियंत्रण कक्षांकडे जाऊन ११२ शी जोडली गेली. चळवळीने उभी केलेली सेवा सरकारकडे जाते तेव्हा नुसता फोन जात नाही, फोन कसा घ्यायचा हे ठरवण्याचा अधिकारही जातो.

म्हणून जिल्ह्याच्या बैठकीत, महिला व बालविकास अधिकाऱ्यांसमोर आपण काही साध्या गोष्टी मागायला हव्यात. बाईची तयारी असेल तर तिचा पुढचा फोन आधीच्याच कार्यकर्तीकडे जावा. तसं करणारी यंत्रणा उपलब्ध आहे, फक्त ते नियमात लिहावं लागतं. उलट फोन तिने सांगितलेल्या वेळीच व्हावा, आणि पलीकडे तीच आहे याची खात्री पटेपर्यंत आधीचं काही बोललं जाऊ नये. बटण न दाबणारीलाही जिवंत माणसाचा आवाज मिळावा. जिल्ह्यातल्या आदिवासी भाषा येणाऱ्या बायकांची नेमणूक व्हावी. बोलण्याच्या मिनिटांवरून कुणाचं काम जोखू नये. आणि हे नियम बनवताना आपल्यातल्या कुणीतरी त्या टेबलाशी असावं.

आपापल्या भागात बायकांना काय अनुभव येतो, ते विचारा आणि आम्हाला लिहा. पत्रं एकत्र करून आपण ती संबंधित खात्याला देऊ. किती फोन आले, हा आकडा सरकार दरवर्षी देईलच. त्यांतल्या किती जणींना शेवटपर्यंत बोलता आलं, हे विचारणं आपलं काम आहे.